खडकवासल्याची प्रबोधिनी

सिंहगडाच्या वाटेने जाणाऱ्यांस खडकवासल्याच्या जलाशयापलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा विस्तार दिसतो. तिच्या मुख्य इमारतीस ‘सुदान ब्लॉक’ म्हणतात, हे ऐकून कित्येकांस नवल वाटते. पुण्याजवळ सुदान कोठून आला? १९४१ साली पूर्व आफ्रिकेत इटालियन फौजांशी लढताना ज्या हिंदी सैनिकांनी प्राण वेचले, त्यांच्या स्मरणार्थ सुदानच्या सरकारने १,००,००० पौंड दिले. फाळणीनंतर त्यांपैकी ७०,००० आपल्या वाट्यास आले आणि ते या इमारतीच्या कामी लागले. स्मारक म्हटले की आपल्याकडे पुतळा आणि वर्षाकाठी एक हार! येथे मृतांच्या नावाचा पैसा तरुणांच्या शिक्षणास लागला, हे आम्हांस फार योग्य वाटते.

भूदल, नौदल व वायुदल यांच्या उमेदवारांचे पहिले शिक्षण एकत्र व्हावे, अशी शिफारस सेनापती ऑकिनलेक यांच्या समितीने १९४६ साली केली. खडकवासल्यास तलाव होता, डोंगर होते, लोहगावचा विमानतळही जवळ होता. मुंबई सरकारने जमीन दिली. इमारतींसाठी न थांबता १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडून येथे शिक्षण सुरू झाले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी येथे कोनशिला बसविली, आणि १९५४ च्या डिसेंबरात छात्र येथे राहावयास आले. तीन वर्षे एका पंगतीस जेवून मग कोणी भूदलात, कोणी नौदलात, कोणी वायुदलात जातो. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांस यातील फायदा निराळा सांगावयास नको.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींसही हे दार उघडले. २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. तेव्हा ‘मुलगा असता तर पाठविला असता’ ही सबब आता घरातील वडीलधाऱ्यांस चालणार नाही.

परंतु पाठविण्यापूर्वी आईबापांनी एक गोष्ट अवश्य जाणून घ्यावी. हे शिक्षण अंगमेहनतीचे आहे आणि त्यात कधी कधी छात्र कायमचा जायबंदी होतो. तो अद्याप अधिकारी झालेला नसतो. त्यामुळे अशा मुलांस घरी पाठविताना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नसे, आणि त्या दर्जाबरोबर येणाऱ्या सवलतीही नाहीत. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा खाटेवर, आणि औषधपाण्याचा भार घरावर! २०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रश्नाची दखल घेतली. त्याच महिन्यात सरकारने माजी सैनिकांची वैद्यकीय योजना या मुलांस लागू केली. औषधोपचाराची सोय झाली हे बरेच झाले. पण घरी परतलेल्या मुलाने पुढे काय करावे, त्यास कोणते काम मिळावे, हा प्रश्न औषधाने सुटणारा नाही. आणि तो एकट्या त्या घराने सोडवावा, असे म्हणणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.