गाडी थांबली, तर आधी माणसं बाजूला

दौंडच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, “शेती आहे म्हणून आमच्याकडे ह्यांनी जीपगाडी घेतली. शेतावर, लग्नकार्याला, देवदर्शनाला सगळीकडे तीच. गाडी हे चालवतात. पण रस्त्यात बंद पडली की मी मुलांना घेऊन नुसती उभी राहते. अशा वेळी मला काय करता येईल?”

पुष्कळ करता येईल! गॅसची टाकी बदलायला, कुकरची शिटी साफ करायला, शिलाईच्या मशीनला तेल द्यायला आपण काही इंजिनिअर झालो नव्हतो. रोजच्या वापरातली वस्तू म्हणून शिकलो. जीपचंही तसंच आहे. महायुद्धातली विलीज जीप स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली, तेव्हापासून ही गाडी आपल्या खेड्यापाड्यांत ओळखीची आहे. पुढे २००० साली बोलेरो आली, २०१० साली थार आली. गाडी जुनी असो की नवी, घरातल्या बाईने जाणून घ्यायच्या गोष्टी जवळजवळ त्याच आहेत.

त्यातली पहिली गोष्ट इंजिनाची नाहीच मुळी. ती माणसांची आहे.

आपल्याकडचे रस्ते डोळ्यांसमोर आणा. पुणे-सोलापूर महामार्गावर यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ. इकडे नगर रोडला शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर. मधे शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणारा रस्ता. उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चाललेले असतात, आणि सगळ्यांच्याच मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असतो असं नाही. अशा रस्त्यावर आपली गाडी बंद पडली, तर पंक्चरने कुणाच्या जिवाला धोका नसतो. धोका मागून येणाऱ्या वाहनाचा असतो. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. ड्रायव्हरने आपल्याला पाहून पाय ब्रेकवर नेईपर्यंतच ती तीस-चाळीस मीटर पुढे आलेली असते.

म्हणून गाडी अडखळायला लागली, की “थोडं पुढे जाऊन बघू” म्हणत रस्त्याच्या मधोमध बंद पडू देऊ नये. चाकं फिरताहेत तोवर ती डावीकडे, डांबराच्या खाली घ्यावी. चारही इंडिकेटर एकदम लागतात तो लाल त्रिकोणाचा खटका कुठे आहे, हे तुम्हालाही माहीत हवं. मग मुलांना आणि वडीलधाऱ्यांना डाव्या दारानेच उतरवा. त्यांना रस्त्यापासून चांगलं लांब, शेताच्या बांधाकडे न्या. गाडीच्या पुढे उभं राहू नका, कारण मागून धडक बसली तर गाडी पुढेच ढकलली जाते. मागे तर मुळीच नको. रात्री गाडीमागे उभं राहिलं की आपलेच मागचे दिवे आपण झाकतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

यजमान बॉनेट उघडून आत डोकं घालतात, तेव्हा त्यांचं सगळं लक्ष बिघाडात असतं. अशा वेळी मुलं कुठे आहेत, त्रिकोण लावला की नाही, आजींना बसायला जागा आहे का, हे बघणारं दुसरं माणूस लागतं. ते काम तुमचं, आणि त्यात हुकमतही तुमचीच चालली पाहिजे. “आधी त्रिकोण, मग पाना” असं खुशाल ठणकावून सांगा.

गाडीबरोबर मिळालेला रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीमागे निदान ५० मीटरवर, म्हणजे आपल्या सत्तरेक पावलांवर ठेवायचा. महामार्गावर आणखी लांब. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला आधी त्रिकोण दिसेल आणि मग गाडी. ठेवायला जाताना डांबराच्या बाहेरून चाला आणि त्रिकोण हातात पुढे धरा.

तीन नंबर मोबाईलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे लिहून ठेवा. कोणत्याही संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३. फोनवर गावाचं नाव, आपण कोणत्या दिशेने चाललो होतो ते आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. दुसऱ्या कुणाला अपघात झालेला दिसला तर मदतीला कचरू नका. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने, भल्या बुद्धीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

आता गाडीत काय काय ठेवायचं? निम्मं सामान घरातच सापडेल. जॅक, पाना, त्रिकोण आणि हवा असलेली स्टेपनी हे मूळचं. त्यात एक जुना लाकडी पाट घाला. आपल्याकडच्या काळ्या मातीत जॅक टेकवला की तो खाली रुततो, गाडी काही वर उचलली जात नाही. खाली पाट घेतला की जॅकला बैठक मिळते. शिवाय दोन गोणपाट, बॅटरी, जाड सुती फडकी, पाच लिटर पाणी, जुने हातमोजे, प्रथमोपचाराची पेटी, मुलांसाठी बिस्किटांचे पुडे आणि आजींची गोळी. बॅटरीचे सेल महिन्याला तपासा. नाहीतर नेमक्या वेळी ती पेटत नाही.

पंक्चर. चाक बदलायला ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, आणि जे चाक काढायचं त्याच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. गाडीत कुणी बसलेलं नको. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धवट सैल करा. हाताने जमत नसेल तर पान्यावर पाय देऊन वजन टाका. मग जॅक लावा, पण कुठेही नाही. त्याची जागा गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते. गाडी जॅकवर असताना तिच्याखाली हात-डोकं घालू नका आणि मुलांना फिरकू देऊ नका. नवं चाक बसवल्यावर नट एक सोडून एक असे आवळा, म्हणजे चाक सरळ बसतं. गाडी खाली घेतल्यावर पुन्हा एकदा घट्ट करा, आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर आणखी एकदा बघा.

चालत्या गाडीचा टायर फुटला तर ब्रेक दाबायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, पाय काढून घेऊन, गाडीचा वेग आपसूक उतरू द्यायचा. शेजारी बसून किंचाळणंही टाळायचं!

इंजिन तापणं. काटा लाल खुणेकडे गेला किंवा वाफ दिसली, की एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा (इंजिनाची उष्णता त्यातून बाहेर पडते) आणि सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही. आपला कुकर आठवा. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण काढताक्षणी उसळून अंगावर येतं. रेडिएटरमध्ये नेमकं तेच असतं. निदान अर्धा तास जाऊ द्या. वरची नळी हाताला गार लागली, की जाड फडकं धरून झाकण हळूहळू फिरवा. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, तापलेल्या काचेच्या भांड्यासारखा तडा जायचा.

बॉनेटपाशी जाताना पदर किंवा ओढणी खोचून घ्या, वेणी मागे बांधा. पुष्कळ गाड्यांचा पंखा विजेवर चालतो आणि इंजिन बंद केल्यावरही तो अचानक फिरू लागतो.

चिखल आणि पाणी. चाक रुतलं की जोराने रेस करण्याचा मोह होतो. त्याने चाक आणखी खोल जातं. चाकापुढची माती उकरा, गोणपाट अंथरा, गाडीला चारचाकी जोर असेल तर तो लावा आणि अगदी हळू निघा. टायरमधली हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो आणि पकड वाढते. डांबरावर येताच मात्र हवा पुन्हा भरलीच पाहिजे. चारचाकी जोराचा दांडा असलेल्या गाड्यांत तो कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून ठेवायचा नाही. वळणावर पुढची-मागची चाकं सारखं अंतर जात नाहीत, आणि त्याचा ताण दात्यांवर येतो.

ट्रॅक्टरने टोचन करून ओढायचं असेल तर दोर बंपरला नाही, टोचनासाठी दिलेल्या हुकालाच बांधा. दोराच्या मध्यावर एक गोणपाट टाकून ठेवा, म्हणजे दोर तुटला तरी चाबकासारखा उडत नाही. आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट मागे हटवा.

ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत असेल तर “आपली जीप उंच आहे” या भरवशावर राहू नका. फूटभर वाहतं पाणी लहान मोटार तरंगवू शकतं, आणि दोन फूट पाणी जीपसारख्या गाडीलाही वाहून नेऊ शकतं. पाण्याखाली फरशी शाबूत आहे की नाही, ते वरून दिसत नाही. मागे फिरायचं. उशीर झाला तर पाहुणे रागावतील, एवढंच. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी मारू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर आतले दांडे वाकतात, आणि तो खर्च फार मोठा असतो.

घरची निगा. हे सगळं टाळण्याचा उपाय रविवारच्या सकाळच्या पंधरा मिनिटांत आहे. गाडी थंड आणि सपाट जागी असताना ऑईलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. ऑईल दोन खुणांच्या मधे हवं. ते दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे, गाडी चालू न करता मिस्त्रीला बोलवा. कूलंटची आणि ब्रेकच्या तेलाची डबी खुणांच्या दरम्यान आहे का बघा. ब्रेकचं तेल वारंवार कमी होत असेल तर वरून भरत बसू नका, ते कुठे जातंय ते शोधा. गाडी जिथे रात्रभर उभी होती तिथली जमीनही बघा. फरशीवरचा डाग बिघाडाची आधी चुगली करतो.

टायरची हवा थंड असताना भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. स्टेपनीची हवा विसरू नका. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला. ते कळावं म्हणून खाचेच्या तळाशी बारीक आडवे उंचवटे ठेवलेले असतात, खाच त्यांच्याबरोबर आली की समजायचं. टायरवर चार आकडी शिक्काही असतो. २३२१ असेल, तर तो टायर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला. जुना टायर ‘नवा’ म्हणून गळ्यात पडू नये, म्हणून दुकानातच वाचा.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमली तर गाडी सकाळी कुरकुरते. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या दातांच्या ब्रशने ती पूड घासता येते. पाणी आत जाऊ द्यायचं नाही. पुसून कोरडं करून व्हॅसलिनचं बोट लावा. पण आधी काळी वायर सोडवा, आणि जोडताना ती सगळ्यात शेवटी जोडा. त्याहून आधी बांगड्या, पाटल्या, अंगठी काढून ठेवा. धातू दोन्ही टोकांना एकदम टेकला तर ठिणगी उडते आणि दागिना क्षणात तापून हात भाजतो.

शेतरस्त्याची धूळ फार असेल तर हवेचा फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बघून घ्या. डिझेल गाडीत फिल्टरमध्ये साठलेलं पाणी काढायचं असतं, हे मिस्त्रीला आठवणीने सांगा. जुन्या जीपला पाण्यातून काढल्यावर ग्रीस भरून घ्यावं लागतं.

दूधवाल्याचा हिशेब ठेवतो तशी एक वही गाडीला ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती पैसे. गॅरेजमध्ये वही घेऊन गेलात की बोलणी निराळीच होतात. आपण विचारतो आहोत हे समोरच्याला कळतं.

आणि शेवटचं. वाचून चाक बदलता येत नाही. येत्या रविवारी अंगणात, उजेडात, घाई नसताना एकदा यजमानांच्या देखरेखीखाली तुम्ही स्वतः स्टेपनी उतरवा आणि चढवा. मुलांनाही त्रिकोण उघडायला आणि “डाव्या दाराने, बांधाकडे” म्हटलं की पळायला शिकवा. नट सैल करताना पहिल्या खेपेला घाम फुटेल. तो अंगणातच फुटलेला बरा.