टिकण्याची किंमत

हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी पाहून परतणारी कुटुंबे निफाड तालुक्यातच लासलगावकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रॉल्या पाहतात. बाजारात भाव क्विंटलचा, सहलीचा हिशेब किलोचा; त्यामुळे ‘एवढा स्वस्त?’ हा प्रश्न हमखास उमटतो, कांदा न शिजणाऱ्या घरांतूनही! उन्हाळ कांदा चाळीत काही महिने राहतो. वजन घटते, थोडा सडतो. तरी शेतकरी थांबू शकतो. हिवाळ्यातील लाल कांद्याला तेवढी टिकाऊ साल नाही. लिलावात मिळेल तो भाव घ्यावा लागतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली, ती नेमकी याच मालाच्या हंगामात. मे २०२४ मध्ये ती उठली, तेव्हा लाल कांदा केव्हाच विकला गेला होता.