काळ्या मेंदीआधी ४८ तास

लग्नसराई आली की कन्नडच्या बाजारात काळ्या मेंदीच्या पुड्यांना मागणी वाढते. पांढरे केस झाकावेसे वाटणे साहजिकच आहे. पण मेंदीचा मूळ रंग तांबूस. काळेपणा येतो तो बहुधा त्यात मिसळलेल्या पीपीडी या रसायनाने. काहींना त्याची अ‍ॅलर्जी होते. टाळूला आग होते, पापण्या सुजून डोळे मिटतात. ‘दहा वर्षे लावतोय, काही झाले नाही’ हा भरवसा फोल आहे. अ‍ॅलर्जी पुढेही कधी उद्भवू शकते. म्हणून दरवेळी कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबावे. पुडीवर तशी सूचना असते, पण इतक्या बारीक अक्षरांत, की चाळिशी लागलेल्याने ती वाचायची कशी? सूज आलीच तर डोके भरपूर पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा.