डायलिसिसवरील रुग्णाने लस ‘घेतली’. पण ती लागू पडली का?

डायलिसिस सुरू करताना हेपॅटायटिस-बीची लस घेतली का, असे विचारले जाते. फाइलवर ‘घेतली’ अशी नोंद झाली की विषय संपतो. तो तिथे संपू नये.

निरोगी प्रौढांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांत ही लस पुरेशी प्रतिपिंडे तयार करते. डायलिसिसवरील रुग्णांत हे प्रमाण बरेच घटते, अनेकदा ५० ते ७० टक्क्यांवर येते. रक्तात साचलेल्या टाकाऊ पदार्थांमुळे प्रतिकारशक्तीच मंदावलेली असते. म्हणून त्यांना २० ऐवजी ४० मायक्रोग्रॅमचा डोस, बहुतेकदा चार वेळा देतात : ०, १, २ आणि ६ महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांत ‘अँटी-एचबीएस’ चाचणी हवी. पातळी १० च्या खाली असेल तर पुन्हा लस. पुढे दरवर्षी चाचणी, कारण ही प्रतिपिंडे लवकर ओसरतात.

विषाणू रक्तातून पसरणारा, आणि रुग्णाचे रक्त आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रातून फिरणारे. अशा वेळी ही चाचणी ऐच्छिक मानणे परवडणारे नाही.

खरे तर क्रिएटिनिन वाढू लागतानाच, डायलिसिसची वाट न पाहता लस सुरू करावी. तेव्हा शरीर अधिक चांगला प्रतिसाद देते. आणि इंजेक्शन दंडातच घ्यावे, मात्र फिस्टुला नसलेल्या हाताच्या.