अमेरिकेतल्या मराठी बंधुभगिनींनो, मतदानाच्या हक्कासाठी पुढे या

1923 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना नागरिकत्व नाकारलं. कारण एकच, ते गोरे नव्हते. 1946 मध्ये स्थलांतराचं दार किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर भारतीयांपुरतं. आज न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात आपले संसार थाटले गेलेत, घरोघरी गणपती बसतात, ते 1965 च्या स्थलांतर कायद्यामुळे. वंशावरून माणसाची पायरी ठरवणं चुकीचं आहे, हे या देशाला पटवलं कृष्णवर्णीयांच्या लढ्याने. त्याची किंमतही त्यांनीच मोजली.

7 मार्च 1965. अलाबामातलं सेल्मा. मताचा हक्क मागायला सुमारे सहाशे माणसं जोडीजोडीने, शांतपणे एडमंड पेटस पुलावरून निघाली. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या. मोर्चाचं नेतृत्व करणाऱ्या पंचवीस वर्षांच्या जॉन लुईस यांची कवटी फुटली. त्याच ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याला आत घेणारा स्थलांतर कायदा. 1975 मध्ये मतदान कायदा इंग्रजी नीट न येणाऱ्यांसाठीही रुंदावला. आज क्वीन्समधल्या आजोबांना बंगालीत मतपत्रिका मिळते, ती त्यामुळेच.

हाच मतदान कायदा आता खिळखिळा केला जातोय. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाने ते बंधन गेलं. 2021 मध्ये जॉर्जियाने मतदान केंद्राजवळच्या रांगेतल्या मतदाराला पाण्याची बाटली देणंही गुन्हा ठरवलं. पाणी! चवदार तळ्याचा इतिहास शिकलेल्या आपल्याला तरी याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. मतदान हक्क कायद्याला पुन्हा बळ देणारं, जॉन लुईस यांच्या नावाचं दुरुस्ती विधेयक 2021 मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडलं.

‘आपण भले, आपलं काम भलं’ म्हणत बसण्याची ही वेळ नाही. नागरिक असाल तर आपल्या सिनेटरच्या कार्यालयात फोन करा, या विधेयकाचं काय झालं ते विचारा, पुन्हा पुन्हा विचारा. मतदान केंद्रावर कर्मचारी म्हणून नाव द्या. मंडळाच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या टेबलाशेजारी मतदार नोंदणीचं टेबल लावा. व्हिसावर असाल तर मत देता येणार नाही, पण शेजारच्या म्हाताऱ्या कृष्णवर्णीय आजींना गाडीने केंद्रावर नक्की नेता येईल. बऱ्याच राज्यांत मतदानाच्या तीन-चार आठवडे आधीच नोंदणी बंद होते. आपल्या राज्याची तारीख आजच पाहा आणि मंडळाच्या ग्रुपवर टाका.