समजून घ्या : बजेट ‘शिलकी’, मग बिलं थकीत कशी? उपार्जित लेखापद्धतीचा वाद नेमका काय?

एप्रिल २०१६. दुष्काळात होरपळणाऱ्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली. मे महिन्यात रेल्वेने वाहतुकीचं सुमारे ४ कोटी रुपयांचं बिल जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवलं. हा खर्च सरकारी हिशेबात कधी लिहायचा? पाणी आलं तेव्हा, की पैसे दिले जातील तेव्हा?

फरक काय?
केंद्र आणि राज्य सरकारचा हिशेब मुख्यतः रोख पद्धतीने चालतो. पैसे आले की जमा, गेले की खर्च. त्यामुळे मार्च एंडला बिल अडवलं, तर तूट कागदावर कमी दिसते. देणं मात्र तसंच राहतं. उपार्जित पद्धतीत काम झालं की देणं लगेच नोंदवलं जातं. थकलेली घरपट्टी ‘येणे’ म्हणून दिसते. रस्ते, पूल मालमत्तेत येतात आणि त्यांची झीज दरवर्षी घसारा म्हणून धरली जाते.

नांदेडचा संबंध काय?
२००८ मध्ये गुरुता गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्या काळात नांदेडला केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून निधी मिळाला. २००५ च्या या योजनेत महापालिकांना दुहेरी नोंदीची उपार्जित पद्धत आणण्याची अट होती. लातूरची महापालिका २०११ मध्ये झाली. पुढे १५ व्या वित्त आयोगाने अनुदानासाठी शहरांचे लेखे ऑनलाइन ठेवण्याची अट घातली.

मग विरोध कशाला?
राज्यांनीही ही पद्धत घ्यावी, अशी शिफारस १२ व्या वित्त आयोगाने केली होती. पण गोदावरीच्या घाटाची किंमत किती धरायची? रस्त्याचं आयुष्य १० वर्षं धरायचं की २०? आकडा बदलला की तूटही बदलते. त्यासाठी प्रशिक्षित लेखापालही हवेत. न्यूझीलंडने १९९० च्या दशकात बजेटही या पद्धतीने सुरू केलं. अनेक देशांनी मात्र हिशेब बदलला, बजेट रोखीवरच ठेवलं.

तुम्ही काय पाहायचं?
महापालिकेचं बजेट म्हणजे वर्षभरात अपेक्षित जमा आणि खर्च. ते ‘शिलकी’ असलं, तरी ठेकेदारांची बिलं, वीजबिल किंवा निवृत्तांची देणी थकलेली असू शकतात. उपार्जित पद्धतीने तिजोरीत एक रुपयाही वाढत नाही. पण कोणाचे किती द्यायचे आहेत, हे लपत नाही. म्हणून बजेटसोबत ताळेबंदही मागा आणि त्यातली ‘देणी’ आधी वाचा.