'फाइल सापडली नाही', आणि बाकीच्या गेल्या त्याचं काय?

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून बँकेच्या आठवणी येतात त्या बहुधा लेजर, टोकन आणि संपाच्या. मला आज काळ्या पडद्याशी भांडायचंय.

नव्वदच्या दशकात शाखेत युनिक्स आलं. पडद्यावर डॉलरचं चिन्ह आणि शेजारी लुकलुकणारा कर्सर. तिथे आज्ञा घेणारा जो प्रोग्रॅम, तो शेल. शिकवायला येणारे म्हणत, "यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो." आता तेच वाक्य पुण्या-बंगलोरची आपली मुलं ऐकवतात. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही.

एकच उदाहरण घ्या. 'ओल्ड'ने सुरू होणाऱ्या फाइली पुसायच्या आहेत. आज्ञा अशी: आरएम, मग ओल्ड, आणि त्याला चिकटून तारांकन. या दोघांत चुकून एक मोकळी जागा पडली, की शेल वेगळाच अर्थ लावतो: 'ओल्ड' नावाची फाइल, आणि शिवाय इथल्या सगळ्या. सगळ्यांची नावं तो स्वतःच भरून आरएमच्या हातात देतो. मग पडद्यावर काय येतं? 'ओल्ड' नावाची फाइल सापडली नाही! बाकीच्या शंभर गेल्या, त्याबद्दल अवाक्षर नाही. कॅशियरने तिजोरी रिकामी करावी आणि वर सांगावं, "साहेब, रबर स्टँप मिळत नाहीये," तशी गत.

जाणकार म्हणतात, "काका, डॅश-आय लावायचं ना, मग विचारतो तो." अहो, आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या होत्या, दोघांच्या ताब्यात. वाटलं तर दुसरी आणा, असा नियम नव्हता!

तुटक बोलण्याला कारण होतं, हे मान्य. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं, तेव्हाची टेलिटाइप यंत्रं सेकंदाला जेमतेम १० अक्षरं छापायची. थॉम्पसन यांचा 'एड' हा संपादक तर चूक झाली की नुसतं प्रश्नचिन्ह छापे. पण टेलिटाइप भंगारात गेलं, तुसडेपणा तेवढा राहिला.

त्याहून वाईट म्हणजे दिशाभूल करणारा निरोप. विंडोजवर लिहिलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जास्तीचं चिन्ह असतं. अशी स्क्रिप्ट युनिक्सवर चालवायला जा, कित्येक शेल म्हणतात, 'नॉट फाउंड'. फाइल डोळ्यांसमोर आहे! जुन्या यंत्रणांत तर ई-मेल अडकली तरी कधीकधी उत्तर यायचं, 'नॉट अ टाइपरायटर'. आता यावर माणसाने करायचं काय?

चेक परत करताना आम्हाला मेमोवर कारण लिहावंच लागे. शिल्लक कमी, सही जुळत नाही, तारीख पुढची. 'रेफर टू ड्रॉअर' हे आमचंही गुळमुळीत उत्तर होतं, कबूल. पण त्यात खातेदाराची अब्रू झाकायची सोय होती. शेल कुणाची अब्रू झाकतो?

आता हाच रोग मोबाइलवर आलाय. पैसे पाठवताना 'समथिंग वेंट राँग'. काय राँग? पैसे गेले की राहिले? आपल्यातल्या कितीतरी आजी-आजोबांनी या धास्तीने फोन दुसऱ्याच्या हातात दिलाय, पिनसकट. आणि घरातली पोरं विचारतात, "आजोबा, तुम्ही काय दाबलंत?" अरे बाबा, त्याने काय केलं ते आधी त्याला सांगू दे की.